दुमागेते : संथ विद्यानगर

फिलिपाइन्समधील निग्रोस बेटावरचे दुमागेते पाहावयाचे, तर घाई घरी ठेवूनच निघावे. आम्ही उभयतांनी तेच केले. अमेरिकन मिशनऱ्यांनी १९०१ साली स्थापिलेल्या सिलिमन विद्यापीठात जुन्या विलायती शिरिषांच्या छायेत हिंडलो. एके काळी चाच्यांची वर्दी देणारा घंटामनोरा पाहिला. समुद्रकाठच्या रस्त्यास राष्ट्रपुरुष रिझाल यांचे नाव आहे. १८९६ मध्ये ते येथे उतरले होते. तेथेच केळीच्या पानात शिजविलेला चिकट भाताचा गोड 'बुदबुद' चाखला. गोमंतकीयांस पातोळ्या आठवाव्यात!

येथील मुले शाळेत इंग्रजी शिकतात. घरी मात्र सेबुआनो बोलतात. २०२४ च्या कायद्याने प्राथमिक वर्गांतील मातृभाषा-माध्यमाची सक्ती उठली. आता भाषेची भिस्त घरांवरच अधिक. आपल्या परप्रांतीय घरांनी हा भार पिढ्यान् पिढ्या वाहिला आहे. त्याचे मोल आम्हांस तेथे उमगले.