आखूड आकाशक आणि लांब लहर

नागपूरचे आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले. त्याची मध्यम लहर 585 किलोहर्ट्झ कंप्रतेची, म्हणजे सुमारे 513 मीटर लांबीची. अशा लहरीचे प्रक्षेपण नीट व्हावयाचे तर मनोरा तिच्या चतुर्थांशाइतका, सुमारे 128 मीटर उंच असणे इष्ट. उलट वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे तेच प्रक्षेपण झेलणाऱ्या रेडिओत बोटाएवढी फेराइटची कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार एवढाच आकाशक असतो. एकाच लहरीसाठी एका टोकाला मनोरा आणि दुसऱ्या टोकाला कांडी, हे कसे चालते? आखूड आकाशकाच्या सुधारणेचा सारा विचार या प्रश्नात सामावलेला आहे.

प्रथम प्रेषणाची बाजू पाहू. विमानांना दिशा दाखविणारे बिनतारी संकेतक 300 किलोहर्ट्झच्या आसपास चालत आले आहेत. तेथे लहर 1,000 मीटरची. गिरडच्या शिवारात 12 मीटरचा खांब उभारून या कंप्रतेवर प्रेषण करावयाचे आहे, अशी कल्पना करू. त्याचा प्रारण-रोध, म्हणजे ऊर्जा लहरीच्या रूपाने बाहेर टाकण्याची क्षमता दर्शविणारा रोध, जेमतेम 0.057 ओहम भरतो. खांबाची विद्युत् धारणा सुमारे 120 पिकोफॅरड धरली, तर तिचा तोल साधणाऱ्या वेटोळ्याची प्रतिक्रिया सुमारे 4,400 ओहम असावी लागते. वेटोळे चांगल्या प्रतीचे असले तरी त्याचा स्वतःचा रोध 22 ओहमच्या घरात जातो. जमिनीचा रोध 10 ओहम मानला, तर शंभर वॅटपैकी लहरीच्या वाट्याला अवघा 0.18 वॅट येतो. उरलेली सर्व शक्ती वेटोळे आणि माती तापविण्यात खर्च होते.

येथे खांब थोडा उंच करण्याचा मोह होतो. पण त्याहून फलदायी उपाय खांबाच्या माथ्यावर आडव्या तारांची छत्री ताणणे हा होय. तिच्यामुळे धारणा 600 पिकोफॅरडपर्यंत नेता आली, तर वेटोळे लहान होऊन त्याचा रोध साडेचार ओहमच्या आसपास येतो. शिवाय एरवी टोकाकडे शून्य होत जाणारा प्रवाह आता खांबभर जवळजवळ सारखा वाहतो. त्यामुळे प्रारण-रोध चौपटीच्या जवळ, 0.2 ओहमपर्यंत चढतो. शंभर वॅटांतून आता 1.4 वॅट बाहेर पडतात. खांबाची उंची तीच, आणि लाभ सुमारे आठपट.

यापुढचा शत्रू जमीन. मराठी परिभाषेत ॲन्टेनाला ‘आकाशक’ म्हणतात. शब्द सुबक खरा, पण काहीसा फसवा. कारण या यंत्राचे निम्मे अंग मातीत असते. ‘बिनतारी’ म्हणविणाऱ्या विद्येत सर्वांत अधिक तार लागते तीही जमिनीतच, खांबाच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेली. गिरडला शेख फरीदांचा दर्गा ज्या टेकडीवर आहे, तशी उंच जागा आकाशकासाठी उत्तम, असे कोणासही वाटेल. दूरचित्रवाणीच्या लहरींसाठी ते खरे आहे. लांब लहर मात्र भूपृष्ठाला धरून सरकते, आणि खडकाळ माथ्यावर तिच्या प्रवाहाला परतीची चांगली वाट मिळत नाही. खालच्या शेतातील ओली काळी माती तिला अधिक मानवते. अर्थात वैशाखात तीच माती भेगाळली की रोध चढतो, आणि पावसाळ्यात जुळवून ठेवलेले वेटोळे पुन्हा जुळवावे लागते.

ग्रहणाची गोष्ट वेगळी. या पट्ट्यातील नैसर्गिक गोंगाट मुख्यतः पृथ्वीवर कोठे ना कोठे कोसळत असलेल्या विजांचा असतो. ग्राहीतील उष्णताजन्य गोंगाटापेक्षा तो कोट्यवधी पट प्रबळ असू शकतो. आखूड आकाशकाने ऊर्जेचा हजारावा हिस्साच पकडला, तरी संकेत आणि गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. त्यांचे परस्परप्रमाण ढळत नाही. कांडी पुरते ती म्हणून. तिचा आणखी एक गुण गिरडच्या श्रोत्याला पुस्तकावाचून ठाऊक असतो: नागपूर उत्तरेस असल्याने कांडी पूर्व-पश्चिम ठेवली की आवाज भरतो, उत्तर-दक्षिण केली की बसतो.

एक मीटरची उभी सळई वापरावयाची असेल, तर मर्म दुसरीकडे आहे. सळईची धारणा सुमारे 10 पिकोफॅरड, तर तिला जोडलेल्या दहा मीटर केबलची सुमारे 1,000. विवर्धक केबलच्या घराकडील टोकाला बसविला, तर शंभरातील एकच भाग त्याच्यापर्यंत पोचतो. म्हणून तो सळईच्या बुडाशीच हवा. केबलच्या बाह्य वेष्टनावरून घरातील दिव्यांचा आणि मोटारपंपांचा गोंगाट सळईपर्यंत चढतो. त्यासाठी वेष्टनाला घराबाहेर स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि केबल फेराइटच्या कड्यातून ओवावी. हौशी मंडळी सळईची लांबी वाढविण्यात श्रम घालवितात आणि नेमके हेच टाळतात.

ज्या विजेला येथवर गोंगाट म्हटले, तीच काही आकाशकांचा मुख्य संकेत असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2014 मध्ये महाराष्ट्रात वीज-स्थाननिश्चितीचे जाळे उभारले. विजेच्या मुख्य झोताची बरीच ऊर्जा 5 ते 10 किलोहर्ट्झजवळ असते. 10 किलोहर्ट्झला चतुर्थांश लहरीचा मनोरा साडेसात किलोमीटरचा होईल; तेव्हा आखूड आकाशकावाचून येथे गतीच नाही. अनेक ठिकाणी स्पंद पोचण्याच्या वेळांतील फरकावरून वीज कोठे पडली हे काढतात, आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे सुमारे 300 मीटरचे अंतर. वर वर्णिलेला जुळविलेला खांब या कामी निरुपयोगी. कारण आघात झालेल्या घंटेसारखा तो घुमत राहतो. त्याचे स्पंदन एक-तृतीयांशाच्या जवळ उतरावयास सुमारे 64 मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात लहर 19 किलोमीटर जाते. त्यामुळे प्रेषणात जे अनुस्पंदन कमाविण्यासाठी इतका खटाटोप, ते येथे कटाक्षाने टाळून विस्तृत पट्टा घ्यावा लागतो.

या संस्थेचे ‘दामिनी’ हे उपयोजन 20 व 40 किलोमीटरच्या परिघातील विजेची सूचना मोबाइलवर देते. मृगाच्या सरींत पेरणी करणाऱ्या माणसाला उघड्या रानातून पक्क्या छपराखाली जाण्यास जो अवकाश मिळतो, तो या आकाशकांनी स्पंदाची कड किती स्वच्छ टिपली यावरही अवलंबून असतो. अशा आकाशकाची जागा निवडताना म्हणूनच टेकडीचा माथा शोधण्यापेक्षा वीजवाहिन्यांपासून दूर, मोकळे मैदान शोधावे, आणि अर्थिंगचा रोध वैशाखातही मोजावा.