पारण्याची वेळ

एकादशी आज की उद्या, ही चौकशी घरोघर होते. ती सोडावयाची केव्हा, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. मी कामगार चळवळीतला माणूस, शास्त्री नव्हे. परंतु एकादशी धरून रात्रपाळी करणारे आणि सकाळीही उपाशीच घरी जाणारे सोबती पाहिले, तेव्हा याविषयी शास्त्र काय म्हणते ते वाचावे असे वाटले.

नियम सोपा आहे. एकादशीस उपवास करावा आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर, द्वादशी संपण्यापूर्वी, पारणे करावे. द्वादशीचा पहिला चतुर्थांश म्हणजे हरिवासर, तेवढा टाळावा. द्वादशी सूर्योदयापूर्वीच संपली, तर पारणे त्रयोदशीत होते.

मग घोटाळा का होतो? चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी होते. त्याची गती सारखी नसल्यामुळे तिथी सुमारे २० तासांपासून जवळजवळ २७ तासांपर्यंत कितीही भरते. समजा, द्वादशी पहाटे ४ ला लागून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत आहे. मग हरिवासर सकाळी १० ला संपतो व पारणे त्यानंतर. उलट ती आदल्या सकाळी ८ ला लागून आज ८ ला संपत असेल, तर सूर्योदयापासून आठापर्यंतच अवधी. त्यात गावाचाही फरक आहे. तिथी सर्वत्र एकाच क्षणी संपते. पण नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. म्हणून पंचांग आपल्या गावचे पाहावे.

वेळ अगदीच थोडा असेल तर? भागवतातील अंबरीष राजाची कथा आपणांस ठाऊकच आहे. दुर्वास स्नानाहून परतेनात, द्वादशी संपत आली. तेव्हा राजाने नुसते पाणी पिऊन पारणे साधले. ऋषी कोपले, परंतु कथेने दोष राजाला दिला नाही. सन १७९० मध्ये पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ लिहिला, त्यासारख्या ग्रंथांतही अडचणीच्या वेळी पाण्याने पारणे करण्याची मुभा आहे. पाणी, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असेही शास्त्रवचन आहे. सात वाजता पाळीवर चढणाऱ्याला हरिवासर दहापर्यंत असला, तरी दूध घेण्यास हरकत नाही. जेवण सुट्टीत करावे.

सुट्टीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविले. श्रमाला जशी सीमा, तशीच उपवासालाही. ती शास्त्रकारांनी आधीच आखून ठेवली. वेळेवर जेवणे हा व्रताचाच शेवटचा भाग आहे. तेव्हा उपाशी राहण्याची बढाई नको, आणि पाळीवरून आलेल्याचे ताट इतरांच्या पूजेसाठी अडवून ठेवणे तर मुळीच नको.