विश्लेषण : फ्लिंटच्या नगरसेवकांचा ठराव का डावलला गेला?

फ्लिंट हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील, तेव्हा सुमारे एक लाख वस्ती असलेले शहर. फ्लिंट नदीचे पाणी बंद करावे, असा ठराव तेथील नगर परिषदेने मार्च २०१५ मध्ये ७ विरुद्ध १ मतांनी केला. तरीही नळाला तेच पाणी येत राहिले.

अधिकार कोणाकडे होते?
शहर आर्थिक संकटात असल्याने २०११ पासून राज्य सरकारने नेमलेले आणीबाणी व्यवस्थापक कारभार पाहत होते. अंतिम निर्णय त्यांचाच. त्यांनी ठराव फेटाळला. असे अधिकार देणारा कायदा मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वमताने रद्द केला होता. पुढच्याच महिन्यात तसाच नवा कायदा आला.

पाणी का बिघडले?
खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटऐवजी नदीचे पाणी घेतले गेले. जलवाहिन्या गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया झालीच नाही. त्यामुळे जुन्या वाहिन्यांतील शिसे पाण्यात उतरले.

पुढे काय झाले?
मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये डॉक्टरांनी दाखवून दिले. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचे पाणी परत सुरू झाले. परिषदेचे ऐकले असते, तर हे जवळपास सात महिने आधीच घडले असते.