समुद्राकडे पाठ करून बसलेलं बेट

मार्सेयहून रात्री सुटलेली बोट पहाटे बास्तियाच्या बंदरात शिरत होती, तेव्हा आम्ही तिघं डेकवर उभे होतो. मुलगी मार्सेयला शिकायला आहे. ऑक्टोबरात तिला आठवड्याची सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि तिथून कॉर्सिका या फ्रेंच बेटाकडे निघालो. बेट म्हटल्यावर मनात नारळ, वाळू, पडाव असं काहीतरी होतं. समोर मात्र अंधारातून हळूहळू सुटून येत होती डोंगरांची एकामागे एक रांग. मुरुडच्या किनाऱ्यावरून सह्याद्री दिसतो तशी लांब नव्हे, अगदी उशापाशी.

आकाराने कॉर्सिका आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा किंचित मोठं. रत्नागिरीचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर, याचं सुमारे ८,७००. पण रत्नागिरीत २०११च्या जनगणनेला १६ लाख माणसं होती, इथे साडेतीन लाखांच्या आसपास. आणि उंची? आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. इथलं माँते चिंतो २,७०६ मीटर, आणि तेही समुद्रापासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर. एवढ्या थोड्या जागेत एवढी उंची कोंबली, की सपाट जमिनीला जागा उरत नाही. पूर्वेकडे तेवढी एक पट्टी आहे, आणि तीही शतकानुशतकं जवळपास ओस होती.

कारणं दोन. पहिलं चाचे. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणारी गलबतं गावं लुटत, माणसं धरून गुलाम म्हणून विकत. म्हणून जेनोवा या इटालियन नगरराज्याच्या राजवटीत, मुख्यतः सोळाव्या शतकापासून, किनाऱ्यावर ठरावीक अंतराने गोल दगडी बुरूज उभे राहिले. एका बुरुजावर धूर किंवा जाळ दिसला की पुढच्यावर पेटवायचा. दुसरं कारण मलेरिया. पूर्वेच्या दलदलीतला हिवताप इतका मारक होता की उन्हाळ्यात तिथे राहायचं धाडस कोणी करत नसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने डीडीटी फवारलं, तेव्हा कुठे ती जमीन माणसांची झाली. आता तिथे द्राक्षांच्या आणि क्लेमेंटाइन संत्र्यांच्या बागा आहेत.

त्यामुळे गावं वसली ती वर, डोंगराच्या कुशीत. असं सांगतात की वाटण्या करताना बाप डोंगरातली चांगली जमीन मुलांना देई आणि किनाऱ्याची नापीक वाळू मुलींना. पुढे पर्यटक आले आणि त्या वाळूला सोन्याचा भाव आला. हे ऐकून आमची मुलगी जाम खूश झाली. मला मात्र त्यातून बेटाचा स्वभाव कळला. समुद्र म्हणजे इथे अंगण नव्हे, परसदार. हे बेट नुसत्या किनाऱ्यावरून कळायचं नाही. त्याच्या पोटात शिरायला हवं, आणि त्यासाठी शंभर वर्षांहून जुनी एक आगगाडी आहे.

तिचं स्थानिक नाव त्रिनिगेल्लू, म्हणजे थरथरणारी, हलवून सोडणारी. मीटरगेजचे रूळ, दोन डब्यांची डिझेल रेलकार. आताच्या गाड्या नव्या आहेत, मोठ्या काचांच्या, त्या पूर्वीइतक्या हलवत नाहीत. पण नाव चिकटलं ते चिकटलं. बास्तिया ते आजाक्सिओ हे १५८ किलोमीटर अंतर कापायला पावणेचार-चार तास लागतात. १८८८ साली पहिले टप्पे सुरू झाले आणि मधला सर्वांत अवघड भाग जोडून पूर्ण मार्ग १८९४ मध्ये खुला झाला.

कासामोत्झापर्यंत गाडी किनाऱ्याने जाते आणि तिथे उजवीकडे वळून गोलो नदीच्या खोऱ्यात शिरते. गोलो ही बेटातली सर्वांत लांब नदी, तरी जेमतेम ९० किलोमीटर. या नदीकडे लक्ष ठेवा, ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे. थोड्या वेळाने पॉन्ते नोवूचं स्थानक येतं. नदीवर एका जुन्या दगडी पुलाचे नुसते तुकडे उभे आहेत. कॉर्सिकाच्या माणसासाठी हे पानिपत आहे.

१७५५ ते १७६९ अशी चौदा वर्षं कॉर्सिका स्वतंत्र होतं. पास्क्वाले पाओली नावाच्या नेत्याने जेनोवाला किनाऱ्यावरच्या किल्ल्यांत कोंडून धरलं, राज्यघटना केली, नाणी पाडली आणि १७६५ मध्ये डोंगरातल्या कोर्ते गावी विद्यापीठ काढलं. राजधानी कोर्तेलाच का, हे नकाशा पाहिला की समजतं. बंदरं शत्रूकडे होती, डोंगर पाओलीचा होता. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी राजगड-रायगड निवडले, त्यामागचं गणित ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. १७६८ मध्ये जेनोवाने आपला हक्क फ्रान्सच्या हवाली केला, आणि मे १७६९ मध्ये याच पुलापाशी फ्रेंच फौजेने पाओलीचं सैन्य मोडलं. पुण्यात तेव्हा थोरले माधवराव गादीवर होते. तीन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, आजाक्सिओत एक मूल जन्मलं, नेपोलियन. लढाईचा निकाल वेगळा लागता तर ते फ्रेंच म्हणून जन्मलंच नसतं.

पॉन्ते लेच्याला कालवीकडे जाणारा फाटा फुटतो. त्याचा शेवटचा, ईल-रूस ते कालवी हा तुकडा समुद्राला इतका खेटून जातो की उन्हाळ्यात लोक पोहण्याच्या कपड्यांत गाडीत चढतात. आम्ही तो सोडला. त्याचं दुःख नाही, कारण कोर्तेत एक मुक्काम झाला.

कोर्ते म्हणजे कड्याच्या टोकावर किल्ला आणि खाली उतारावर एकमेकांना धरून उभी घरं. फ्रेंचांनी बंद केलेलं विद्यापीठ २०० हून अधिक वर्षांनी, १९८१ साली पुन्हा सुरू झालं. आज तेच गावाचा प्राण आहे. चौकात पाओलीचा पुतळा, आणि भोवती कॉर्सिकन भाषेतून गप्पा मारणारी पोरं. ही भाषा इटालियनच्या जवळची. रस्त्यांवरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. त्यातलं फ्रेंच स्पेलिंग अनेक ठिकाणी काळ्या रंगाने खोडलेलं दिसतं, काही पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकंही. भाषेवरून जीव जाळणारी माणसं आपल्याला परकी नाहीत. त्या खोडलेल्या अक्षरांपुढे मी बराच वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत समोर एक आजी होत्या. मांडीवर चेस्टनटची पिशवी. मुलीने फ्रेंचमधून विचारलं आणि आजी जवळजवळ पुढचा तासभर बोलत होत्या. चेस्टनटला इथले लोक ‘भाकरीचं झाड’ म्हणतात, आणि ते अक्षरशः खरं आहे. डोंगरउतारावर गहू पिकत नाही. जेनोवाच्या १५८४ सालच्या हुकमाने दर जमीनमालकाला वर्षाला चार फळझाडं लावायची सक्ती केली. त्यात चेस्टनट होतं, आणि ते इथल्या मातीत असं रुजलं की एका अख्ख्या भागाचं नावच त्यावरून कास्तान्यिच्चा पडलं. फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतात. ती दगडी खोलीतल्या लाकडी जाळीच्या माळ्यावर पसरतात, खाली मंद जाळ कित्येक आठवडे चालू ठेवतात, मग सोलून दळतात. पीठ चवीला गोडसर, धुरकट. आपल्या शिंगाड्याच्या पिठाची आठवण व्हावी असं. त्याची उकड काढतात तिला पुलेंदा म्हणतात. फडक्यावर ओतून गोळा थापायचा आणि ताणलेल्या दोऱ्याने कापायचा. सोबत ब्रोच्चू, म्हणजे मेंढी-बकरीच्या दुधाच्या निवळीत थोडं दूध घालून केलेलं मऊ चीज. आमच्या हिने आजींना मोदकाची उकड समजावून सांगितली. मुलीने मधे बसून भाषांतर केलं, आणि दोन्ही बाजूंनी माना डोलल्या.

इकडे गाडी चढतच होती. वेनाकोच्या पुढे ती वेक्यो नदीवरचा पूल ओलांडते. पॅरिसचा मनोरा उभारणाऱ्या गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीचं हे काम. दगडी खांबांवर लोखंडी जाळीचा पूल, खाली सुमारे ८० मीटर पोकळी. गाडी इथे सावकाश होते आणि डब्यात कोणी बोलत नाही.

त्यानंतर विवारिओ, आणि खरा घाट. बोरघाटाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. हा जवळजवळ ३३ला १. आपल्याकडे इंग्रजांनी चढ साधावा म्हणून खंडाळ्याजवळ गाडी उलट फिरवण्याचं स्थानक केलं होतं. इथल्या अभियंत्यांनी रूळच डोंगरावर नागमोडी गुंडाळले. खिडकीतून खाली पाहावं तर आपण मघाशी सोडलेले रूळ दिसतात, थोड्या वेळाने त्याखाली आणखी एक पातळी. विवारिओच्या देवळाचं शिखर एकदा डावीकडे येतं, एकदा उजवीकडे, दर वेळी थोडं लहान होऊन. मग लारिचिओ पाइनचं जंगल सुरू होतं. सरळसोट, चाळीस मीटरपर्यंत उंच खोडं. जेनोवाचे लोक यांची डोलकाठी करत.

विझावोना हे ९०६ मीटरवरचं स्थानक. बेट उभं पार करणारी १८० किलोमीटरची जीआर-२० ही पायवाट इथे खाली उतरते, त्यामुळे फलाटावर चिखलाचे बूट आणि पाठपिशव्यांचा ढीग. स्थानकाच्या पुढेच बोगदा, जवळपास चार किलोमीटर लांब. बेटाचा कणा इथे पार होतो. अलीकडच्या भागाला चिस्मोंते म्हणतात, पलीकडच्याला पुमोंते. जुन्या काळी हे जवळजवळ दोन वेगळे मुलूख होते, आपल्या देश-कोकणासारखे. आम्ही धुक्यात बोगद्यात शिरलो आणि स्वच्छ उन्हात बाहेर पडलो.

हा मार्ग आज आहे तो लोकांनी धरून ठेवला म्हणून. पूर्व किनाऱ्याचा पॉर्तो-वेक्योपर्यंतचा फाटा १९४३च्या युद्धात उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा बांधलाच गेला नाही. १९५९ मध्ये सरकारने उरलेली रेल्वेही मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा बेटभर लोक रस्त्यावर आले. रेल्वे वाचली. कॉर्सिकाच्या नंतरच्या राजकीय जागृतीतलं हे एक सुरुवातीचं पाऊल होतं, असं मला वाटतं.

आजाक्सिओला गाडी भाड्याने घेतली. पश्चिम किनाऱ्याचा रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडेच करावा, हे माझं ठाम मत. इथे उजव्या बाजूने चालवतात. उत्तरेकडे जाताना आपण डोंगराच्या बाजूला राहतो, दरी समोरून येणाऱ्याच्या वाट्याला. कार्जेझला सतराव्या शतकात आलेल्या ग्रीक निर्वासितांच्या वंशजांचं चर्च आहे, आणि समोरासमोर लॅटिन चर्च. पुढे पियाना. पियाना ते पोर्तो हे बारा किलोमीटर लाल ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून जातात. वारा, मीठ आणि दमट हवेने दगड आतून पोखरून पोकळ्या झाल्या आहेत. १९८३ पासून हा परिसर जागतिक वारशात आहे. संध्याकाळी पाचनंतर जावं. दगड आधी नारिंगी होतो, मग विस्तवासारखा, आणि खाली समुद्र जांभळा. आम्ही तासभर कठड्यावर बसलो.

पोर्तोहून रस्ता समुद्राला सोडतो. पस्तीसेक किलोमीटरांत शून्यापासून १,४७७ मीटरवरच्या व्हर्जिओ खिंडीपर्यंत. मोटाररस्ता जाणारी ही बेटावरची सर्वांत उंच खिंड. एव्हिसाजवळ चेस्टनट रस्त्यावर पडले होते आणि मोकाट डुकरं ते खात मधोमध उभी होती. हॉर्न वाजवून हलत नाहीत, थांबायचं. काच उघडली की माकीचा वास येतो. माकी म्हणजे मर्टल, रोजमेरी, सिस्टस यांचं डोंगरभर दाटलेलं खुरटं रान. युद्धकाळात फ्रान्सच्या भूमिगत लढवय्यांना ‘माकी’ हे नाव पडलं ते याच रानावरून.

खिंडीपलीकडे निओलोचं खोरं, मेंढपाळांचं. आणि इथे, खिंडीजवळच्या उंच सुळक्यांखाली, गोलो उगम पावते. मघाची तीच नदी. कालाकुच्चाच्या धरणात ती थोडी विसावते आणि मग स्काला दी सांता रेजिना नावाच्या घळीत कोसळते. स्काला म्हणजे जिना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कड्यात रस्ता कोरेपर्यंत निओलोच्या लोकांना बाहेर यायला खरोखर दगडी पायऱ्यांचीच वाट होती. दोन्ही बाजूंना उभे तांबडे कडे, आकाशाची एक पट्टी, खाली पाण्याचा आवाज.

घळ संपली, खोरं उघडलं, आणि फ्रांकार्दोपाशी नदीच्या कडेने रूळ आले. आम्ही गाडी बाजूला घेतली. कोर्तेच्या बाजूने भोंगा ऐकू आला, दोन डबे वळणावरून पुढे आले आणि गोलोच्या काठाने बास्तियाकडे उतरत गेले.