सागवान टिकलं, खिळे झिजले

1968 साल. अटलांटिक महासागरात, केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला, अवघ्या 32 फुटी लाकडी बोटीच्या तळाखाली एक तरुण श्वास रोखून काम करतो आहे. गोरी कातडी शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून त्याने गडद शर्ट आणि जीन्स अंगावर ठेवली आहे. इंग्लंडमधलं फाल्मथ बंदर सोडून जेमतेम काही आठवडे झालेत आणि बोटीत पाणी शिरू लागलंय. खाली जाऊन पाहिलं तर कण्यालगतच्या फळीची सांध सुमारे 8 फूट सैल झालेली. बोट डुलली की फट उघडते, पुन्हा मिटते. त्याने तीत कापसाचा पेळू ठोसला, पण तो टिकेना. मग कापूस कॅनव्हासच्या पट्टीला शिवला, पट्टीला डांबर फासलं आणि तांब्याच्या चुकांनी ती सांधेवर ठोकली. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला. बोटीवर चढून त्याला बंदुकीने टिपलं, आणखी कुणी येत नाही ना याची वाट पाहिली आणि तरुण पुन्हा पाण्यात उतरला. शेवटी पट्टीवर तांब्याचा पत्रा बसला. मग असंच सगळं दुसऱ्या बाजूला.

तो तरुण म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. बोट 'सुहेली'. 14 जून 1968 रोजी निघून 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ते फाल्मथला परतले. कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारे हे एकटे. हा पराक्रम जगाला ठाऊक आहे. ही बोट मुंबईची, हे मात्र आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक असतं.

नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. त्यांनी कुलाब्याच्या गोदीत बोट बांधायला घेतली. आराखडा जुनाच, विल्यम ॲटकिन यांनी 1920 च्या दशकात काढलेला. त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या जीवरक्षक नौकांमध्ये: पुढून-मागून दोन्हीकडे निमुळती, पोटाने रुंद, वेगापेक्षा खडतर समुद्रात तगण्यासाठी घडवलेली. इथल्या सुतारांनी तासायचा वाकस आणि भोकं पाडायला दोरीने फिरवायचा सामता चालवून तिचा कणा, वाक (म्हणजे फासळ्या) आणि फळ्या घडवल्या. लाकूड सागवान. 1964 मध्ये ती पाण्यात उतरली.

सागवान या कामासाठी मुंबईला नवं नव्हतं. इथेच वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. सागवानातलं तेल पाण्याला आणि किडीला अटकाव करतं. ओलं-सुकं होताना हे लाकूड इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतं, कमी आक्रसतं. म्हणूनच साठ वर्षांच्या बोटीच्या फळ्या शाबूत राहू शकतात. थकतं ते फळीला वाकाशी धरून ठेवणारं लोखंड.

लोखंड गंजतं तेव्हा ते नुसतं झिजत नाही, फुगतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. खिळ्याभोवतीचं लाकूड आतून दाबलं जातं, काळं पडतं, मऊ होतं. बाहेरून रंग सुरेख दिसतो. आत पकड गेलेली असते. मग लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याला फळी तसूभर सरकते आणि सांध उघडते. इंग्लंडमधले जुने सुतार अशा बोटीला खिळ्यांनी आजारी म्हणतात. निदान नेमकं आहे, कारण दुखणं लाकडाचं नसून सांध्यांचं आहे.

'सुहेली'च्या आयुष्यातला विलक्षण टप्पा शर्यतीनंतर बऱ्याच वर्षांनी आला. तोवर तिने आणखी पुष्कळ पाणी पाहिलं होतं. 1991 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन तिच्यातून ग्रीनलंडला गेले होते. 1997 मध्ये ती ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. यापेक्षा मोठा सन्मान कोणता? पण तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत फळ्या आक्रसू लागल्या. जे तिला वादळांनी केलं नव्हतं ते छपराखालच्या सुखाने होऊ लागलं. लाकडी बोटीची सांध पाण्यात भिजून फुगलेल्या फळ्यांनीच घट्ट राहते. 2002 मध्ये तिला तिथून हलवलं गेलं. मालकाने तिला परत घेतलं आणि गंजलेलं लोखंड काढून नवी जोडणी करण्याचं काम हळूहळू, बरंचसं स्वतःच्या हातांनी, पुरं केलं.

हे काम वाचायला सोपं वाटतं. पण सगळे खिळे एकदम उपटले तर बोटीचा आकारच बदलेल. म्हणून आधी तिला दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे. मग एक खिळा काढायचा, भोक साफ करायचं, खराब झालेलं लाकूड तासून तिथे सागवानी गुंडी बसवायची आणि नवा खिळा मारायचा. मगच पुढच्याला हात. नवी जोडणी ब्राँझची असेल तर तीत जस्ताचं प्रमाण अधिक नको, कारण खारं पाणी जस्त खाऊन टाकतं आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. पाण्याखालच्या पितळी नळांनाही हाच धोका. याच नियमाचा उपयोगही करून घेतात: बोटीच्या तळाला मुद्दाम जस्ताचे तुकडे लावतात. आधी ते झिजतात आणि महत्त्वाचा धातू वाचतो. मात्र ते वेळच्या वेळी बदलायला हवेत.

फायबरच्या बोटींना खिळे नसतात, तरी दुखणं असंच आत लपलेलं. 1970-80 च्या दशकांतल्या पुष्कळ शर्यत-नि-सफरीच्या बोटी आजही समुद्रात आहेत. बाहेरच्या थरातून पाणी झिरपतं, आतल्या रसायनांत मिसळतं आणि दाबाने फोड येतात. जाणकार हलक्या हातोडीने तळ ठोकत जातो. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, भद्द आवाज म्हणजे आत ओल. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा बाहेरून चकचकतात, पण टोकाच्या नळीत साचलेलं पाणी त्यांना आतून खातं. त्या साधारण दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्याच लागतात. म्हणून सुधारणेचा क्रम ठरलेला असावा: आधी तळ, कणा आणि सुकाणू, मग डोलकाठीचा आधार, मग शिडं आणि इंजिन, सगळ्यांत शेवटी दिवे-पडदे. नवे मालक पुष्कळदा उलट क्रम धरतात. नवं यंत्र दिसतं, नवी तार दिसत नाही.

गोल्डन ग्लोब 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा नियमच असा केला गेला की बोटीचा आराखडा 1988 पूर्वीचा, कणा लांब आणि लांबी 32 ते 36 फूट हवी. जुनी बोट घ्या, पण तिला समुद्राला पुरेल इतकी भक्कम करा. कमांडर अभिलाष टॉमी त्या साली 'सुहेली'च्या घाटाची, गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन निघाले. हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, ते जबर जखमी झाले. 2022 मध्ये ते 'बयानात' ही रस्टलर-36 घेऊन परत उतरले. वाटेत हवेच्या जोरावर चालणारी सुकाणूयंत्रणा मोडली, तेव्हा शौचालयाच्या दाराची फळी कापून त्यांनी तिचं पातं केलं. 16 जणांच्या त्या शर्यतीत 29 एप्रिल 2023 रोजी ते दुसरे आले. दोन दिवस आधी जिंकलेल्या कर्स्टन नॉयशेफर यांनीही जुनी 'मिनेहाहा' निवडून शर्यतीपूर्वी कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर तिची कसून डागडुजी केली होती.

भर समुद्रात दार कापून पातं करणारा माणूस आणि केप व्हर्देजवळ कापूस शिवणारा माणूस एकाच परंपरेतले. ती परंपरा कोकणाला अनोळखी नाही. जूनमध्ये होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. तळ खरवडून, फटी बुजवून, जुन्या लाकडाला मुशीच्या यकृताचं तेल पाजून नारळी पौर्णिमेपर्यंत त्या पुन्हा तयार होतात. दरवर्षीचं हे काम वेगळं म्हणून कुणी मोजत नाही. होडी बाळगणं म्हणजेच ते काम.

14 जून 2018 रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, 'सुहेली' पुन्हा फाल्मथच्या पाण्यात होती आणि सुकाणूवर नॉक्स-जॉन्स्टन होते. तिच्यातले खिळे नवे होते. ते ज्या फळ्यांत बसले होते, त्या मात्र कुलाब्यात वाकसाने तासलेल्या.