गंजलेल्या शिडीवरचे शिक्षण

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीचा स्फोट झाला आणि आग विझविण्यास धावलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरसाल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळण्यात येतो. भाषणे होतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. परंतु दुसऱ्याच्या घरातील आगीत शिरणाऱ्यांना त्याचे शिक्षण कोठे आणि कशावर मिळते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील क्लबात आग लागून २५ जणांचा बळी गेला, तोही बहुतांशी ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून. काळोख्या तळघरात भिंत चाचपीत कसे शिरावे, शुद्ध हरपलेल्या माणसाला अरुंद जिन्यावरून कसे उतरवावे, ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती सरावानेच अंगी मुरते, आणि सरावासाठी जिने, गच्च्या, खिडक्या व शिड्या असलेला मनोरा लागतो.

पेडणे तालुक्यापुरते पाहू. कोरगावसारख्या गावात उन्हाळ्यात काजूच्या बागांना वणव्याचे भय, पावसाळ्यात झाडे घरांवर कोसळण्याचे भय, आणि विहिरी तर बारमाही. हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची दाटी आहे. मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू आहे. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे खोळंबली. अशा वेळी बंब येण्यापूर्वी जो धावतो तो शेजारी असतो. म्हणून जवानांबरोबर गावच्या तरुणांनाही सराव करता येईल असा एक मनोरा या तालुक्यात असावा, आणि त्यासाठी कोरगावचा विचार व्हावा, अशी आमची सूचना आहे.

मनोरा उभारणे सोपे, टिकविणे कठीण. आपल्या खाऱ्या वाऱ्यात उघडे लोखंड किती दिवस तग धरते, हे खिडकीच्या गजांना विचारावे. रंगाचा थर एका जागी खरवडला की त्याखालून गंज पसरत जातो. सरावाच्या मनोऱ्यावर तर रोज बुटांचे घर्षण, दोरांचे ओढणे आणि पाण्याचा मारा. वरून रंगवलेली आणि आतून पोखरलेली पायरी ही उघड्या गंजाहून अधिक घातक. जीव वाचविण्यास शिकणाऱ्याचाच जीव शिकताना जावा, याहून लाजिरवाणे काय?

यावरील उपाय आपल्या गोठ्यावरील जस्ती पत्र्याइतकाच परिचयाचा आहे. पोलाद सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या वितळत्या जस्तात बुडविले की दोन्ही धातूंचा सांधा जुळून एकजीव थर बनतो. फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली या प्रक्रियेचे एकस्व घेतले. तिचे वैशिष्ट्य असे की, थराला ओरखडा गेला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलादाला राखते. जाड पोलादावर हा थर साधारणपणे ८५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे बारावा भाग असतो. तीव्र सागरी हवेत जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजते, असे धरले तरी दहा ते वीस वर्षे निर्धास्त जातात. किनाऱ्यापासून आत ती अधिकच. दर दोन वर्षांनी रंगाच्या निविदा काढण्यापेक्षा हा प्रारंभीचा जादा खर्च स्वस्तच ठरतो.

तथापि जस्त म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. सतत २०० अंशांपलीकडे तापल्यास हा थर सुटू लागतो, ४२० अंशांच्या सुमारास जस्त वितळते, आणि त्याहून प्रखर उष्णतेत त्याची वाफ होऊन जो धूर होतो तो छातीत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. यास्तव ज्या खोलीत प्रत्यक्ष आग पेटवून सराव होतो, तेथे उष्णतारोधक अस्तरच हवे. ज्वाळांसमोर जस्ती पत्रा ठोकून मोकळे होणे हा अपराध ठरेल. जिने, कठडे, सज्जे, शिड्या आणि बाहेरचा सांगाडा मात्र जस्तलेपितच असावा.

सरकारी कामात घोडे पेंड खाते ते बारीकसारीक कलमांत. कापणे, भोके पाडणे, जोडणे हे सारे जस्तात बुडविण्यापूर्वी उरकले पाहिजे. नंतर जागेवर केलेली जोडणी थर जाळून टाकते. बोल्टही जस्तलेपितच हवेत, नाही तर सांगाडा शाबूत आणि सांधा कुजलेला अशी गत होते. पावसाने न धुतल्या जाणाऱ्या आडोशाच्या भागांवर मीठ साचते. ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे. बंबाच्या जवानांना हे सांगावयास नको. भारतीय मानक ४७५९ मध्ये या लेपनाचे निकष दिलेले आहेत. निविदेत त्यांचा उल्लेख असावा आणि काम ताब्यात घेताना थराची जाडी मोजून घ्यावी. केवळ न्यूनतम दराकडे पाहून ठेका दिला, तर चकाकी मिळेल, टिकाऊपणा मिळणार नाही.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली रीत जुनी आहे. दुर्घटना घडली की चौकशी बसते, अहवाल येतो आणि विस्मृतीत जातो. मनोऱ्याला मात्र अपघाताची वाट पाहण्याचे कारण नाही. आमच्यासाठी आगीत शिरणाऱ्याच्या पायाखालची पायरी भक्कम आहे की नाही, एवढे पाहणे हे आपल्या सर्वांचे किमान कर्तव्य आहे. येत्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद व्हावी.