जलपरीचा सूड आणि चेटकिणीची कैफियत

आमच्या एका जुन्या कार्यकर्ता मित्राची मुलगी यंदा दहावीत आहे. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचत बसली होती. कसली गोष्ट आहे, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "काका, जलपरीच्या गोष्टीत ती चेटकीण असते ना, ती चेटकीण कशी झाली त्याची गोष्ट आहे. आणि यातली जलपरी सूड घ्यायला आलेली आहे." तिचे वडील हसून म्हणाले, "वकीलसाहेब, ही तुमच्यासारखीच. आरोपीची बाजू आधी वाचते!" बोलणे हसण्यावारी गेले, पण घरी परतलो तरी विषय डोक्यातून जाईना. पऱ्यांच्या आणि चेटकिणींच्या गोष्टींशी चळवळीच्या माणसाचे काय काम, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की काम आहे आणि ते फार जवळचे आहे.

ती कादंबरी म्हणजे सारा हेनिंग या लेखिकेची २०१८ साली प्रसिद्ध झालेली 'सी विच'. डेन्मार्कच्या धर्तीवर कल्पिलेले एक किनाऱ्यावरचे राज्य आहे. तिथे जादूला बंदी. एव्ही नावाची कोळ्याची मुलगी आपल्या अंगची विद्या लपवून जगते. तिची जिवलग मैत्रीण अ‍ॅना समुद्रात बुडून मेलेली आणि गाव एव्हीकडेच संशयाने पाहणारे. एके दिवशी हुबेहूब अ‍ॅनासारखी दिसणारी मुलगी किनाऱ्यावर येते. ती जलपरी असते आणि तिच्या पोटात सूड असतो. एव्ही तिला मदत करायला जाते आणि शेवटी स्वतःच समुद्रातली चेटकीण होऊन बसते.

खलनायकाचा पूर्वेतिहास सांगण्याची ही तऱ्हा आता चांगलीच रुळली आहे. १९९५ साली ग्रेगरी मॅग्वायर यांनी 'विकेड' लिहून हिरव्या कातडीच्या चेटकिणीला नायिका केले. २०१४ साली 'मॅलेफिसंट' हा चित्रपट आला. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या थुंकायला शिकवले, त्याची बाजू ऐकून घ्या, असे या गोष्टी सांगतात. आम्हाला हे मनापासून पटते. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, हा तर न्यायाचा पहिला धडा.

मग आम्ही मूळ दफ्तर काढून पाहिले. हान्स ख्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाने जलपरीची गोष्ट १८३७ साली कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध केली. हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. आई लोकांचे कपडे धुणारी. त्याच्या गोष्टीतील चेटकीण वाचली आणि आम्ही चकित झालो. बुडालेल्या माणसांच्या हाडांचे तिचे घर किळसवाणे आहे, हे खरे. पण ती फसवत नाही. तू मूर्खपणा करते आहेस, असे ती जलपरीला तोंडावर सांगते. पाय मिळतील, पण प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्याच्या वेदना होतील. राजपुत्राने दुसरीशी लग्न केले तर दुसऱ्या सकाळी तुझा फेस होईल. मोबदला म्हणून तुझा आवाज घेईन. सगळ्या अटी आधी सांगून झाल्यावरच ती जीभ कापते. करार क्रूर आहे, पण त्यात लपवाछपवी नाही. १९८९ साली डिस्नेने चित्रपट काढला. तिथे हीच चेटकीण 'उर्सुला' होऊन कपटी, लबाड, सिंहासनावर डोळा ठेवणारी झाली. म्हणजे आरोपपत्रातली कलमे नंतर वाढवलेली आहेत!

इथपर्यंत आम्ही त्या मुलीच्या बाजूने आहोत. आता आमची हरकत सांगतो.

वकिलीत दोन तऱ्हेचे बचाव असतात. एक, 'गुन्हा केला, पण परिस्थिती पाहा, दया करा.' दुसरा, 'गुन्हा घडलेलाच नाही.' या नव्या गोष्टी पहिला बचाव करतात. चेटकीण खरीच, जादू खरीच, तिने नाश केला हेही खरेच; पण तिचे मन दुखावले होते, तिला नाकारले होते, तिची मैत्रीण गेली होती. वाचकाला दया येते, डोळे पाणावतात आणि मूळ आरोप मात्र जागच्या जागी कायम राहतो. ज्यांनी आरोप रचला, त्यांना कुणी पिंजऱ्यात उभे करीत नाही.

वाचकहो, समुद्रातल्या चेटकिणी खरोखर होऊन गेल्या आहेत, निदान सरकारदप्तरी तरी. नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला फिनमार्क प्रांतात वार्डो हे मच्छीमारांचे गाव आहे. तेव्हा नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता. १६१७ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ उठले. दहा होड्या गेल्या आणि चाळीस माणसे बुडाली. त्याच वर्षी राजा चौथा ख्रिश्चन याने जादूटोण्याविरुद्ध फर्मान काढले होते. सैतानाशी करार करणाऱ्यास आग, किरकोळ मंत्रतंत्र करणाऱ्यास मालमत्ता जप्त करून हद्दपारी. पुढे हे फर्मान उत्तरेत पोहोचले आणि १६२१ साली वार्डोत खटले उभे राहिले. वादळ बायकांनीच उठवले, असे ठरले. हातपाय बांधून बाईला थंड समुद्रात टाकायचे. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण. मग कबुल्या मिळू लागल्या. दोरीला गाठी मारून आणि त्या सोडून आम्ही वारा सोडला, असे त्या कबुल्यांत आहे. बुडण्याच्या भीतीने बाई दुसरे काय सांगणार?

संतापाची गोष्ट पुढे आहे. कायदा नव्हता असे नाही. शिक्षा होण्यापूर्वी यातना देऊन जबाब घेऊ नये आणि चेटूक करणाऱ्या बदनाम व्यक्तीच्या साक्षीवर दुसऱ्याला दोषी धरू नये, असे डेन्मार्कच्या कायद्यात १५४७ सालीच आले होते. १५७६ साली तर खालच्या कोर्टाने दिलेली देहान्ताची शिक्षा वरच्या कोर्टाने तपासल्याशिवाय अमलात आणू नये, असेही ठरले. कागदावर सगळे होते. पण राजधानीपासून दूर, गरिबाच्या वस्तीत तो कागद पोहोचला नाही. एकीने दुसरीचे नाव घेतले, दुसरीने तिसरीचे. १६६२-६३ मध्ये तर लहान मुलींवरही आरोप आले. त्या मुली सुटल्या त्या अपिलात, वरच्या न्यायाधीशाने प्रकरण तपासले तेव्हा. सुमारे तीन हजार वस्तीच्या त्या प्रांतात सतराव्या शतकात ९१ माणसांचा बळी गेला : ७७ बायका आणि १४ पुरुष. पुरुषांत बहुतेक तिथले मूळ रहिवासी सामी. यांना कुठली कैफियत लिहून देणार? यांचे मन दुखावले म्हणून त्या चेटकिणी झाल्या, असे लिहायचे काय? त्या चेटकिणी नव्हत्याच. वादळ हे वादळ होते.

वार्डोत २०११ साली या ९१ जणांचे स्मारक उभे राहिले. एक लांब अंधारी वाट, ९१ लहान खिडक्या, प्रत्येक खिडकीशी एक दिवा आणि शेजारी कोर्टाच्या दप्तरातून काढलेली त्या त्या व्यक्तीची हकीकत. नाव, आरोप, शिक्षा. तिथे कुणाला नायिका केलेले नाही, सूडही उगवलेला नाही. तरीही आमच्या मते चेटकिणीची खरी पुनर्कथा तीच.

सूडाबद्दलही एक शब्द. अँडरसनच्या गोष्टीत जलपरीच्या बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन सुरी आणतात. राजपुत्राला मार, तू वाचशील, असे सांगतात. ती झोपलेल्या राजपुत्राकडे पाहते आणि सुरी समुद्रात फेकून देते. जीभ कापलेल्या त्या मुलीने सूड नाकारला. आजची लेखिका तिच्या हाती पुन्हा सुरी देते. अन्याय झालेल्याचा राग आम्ही समजू शकतो. पण सुरीने एक राजपुत्र मरतो, राजाचे फर्मान मरत नाही. फर्मान मारायला दुसरे फर्मान लागते.

ते आपल्याकडे झाले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. वाचकांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा. १६१७ च्या फर्मानात आरोपी ती बाई होती. २०१३ च्या कायद्यात तिला चेटकीण म्हणणारा आरोपी आहे. पिंजरा तोच, आत उभा राहणारा बदलला. अर्थात डेन्मार्कप्रमाणे आपलाही कायदा कागदावर राहू शकतो. विधवेच्या तुकडाभर जमिनीवर डोळा असणारे भाऊबंद आधी तिला डाकीण ठरवतात आणि ठाण्यात 'घरगुती भांडण' अशी नोंद होते, हे आम्ही वकिलीत पाहिले आहे. म्हणून फिर्याद लिहून घ्यायला लावणारा माणूस गावोगाव हवा.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगून आलो, की बाळ, पुस्तक पुरे वाच. पण शेवटचे पान मिटल्यावर ती चेटकीण का झाली एवढेच विचारू नकोस. तिला पहिल्यांदा चेटकीण कोण म्हणाले आणि त्यात त्याचा काय फायदा होता, हेही विचार. तिने पेन्सिल घेतली आणि पुस्तकाच्या कोऱ्या पानावर ते लिहून ठेवले.